पक्षी ओळखण्याचे पुस्तक : निवडीच्या कसोट्या

मे महिन्याच्या सुट्टीत मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेले शिक्षक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "तिकडचे पक्षी ओळखायचे आहेत, कोणते पुस्तक घेऊ?" तोच प्रश्न शाळेसाठी एखादेच पुस्तक विकत घेऊ शकणारा शिक्षकही विचारतो, त्याला रेहेकुरीला किंवा जायकवाडीच्या काठावर सहल न्यायची असते. दोघांचा प्रश्न एकच आहे. पुस्तकाचे नाव सांगून तो सुटत नाही. तराजू घेताना आपण त्याची अचूकता पाहतो, सूक्ष्मदर्शक घेताना भिंग पाहतो. पक्षी ओळखण्याचे पुस्तक हेही एक उपकरणच आहे. तेव्हा त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे आधी ठरवले पाहिजे.

अशा पुस्तकाला इंग्रजीत फील्ड गाइड म्हणतात. आपण मार्गदर्शिका म्हणू. पक्ष्यांवरील इतर पुस्तकांहून ती वेगळी असते. रॉजर टोरी पीटरसन या अमेरिकी चित्रकाराने १९३४ साली पूर्व अमेरिकेतील पक्ष्यांवर एक छोटे पुस्तक काढले. त्यापूर्वी पक्ष्याची खात्रीची ओळख बहुधा तो मारून, हातात घेऊनच होत असे. पीटरसनने एकमेकांसारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर, एकाच बाजूने व एकाच ढबीत काढले आणि प्रत्येकात जो भाग वेगळा त्याकडे लहान रेघ दाखवली. दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. मार्गदर्शिकेचे काम त्याने नेमके सांगितले होते : पक्ष्याचे सौंदर्य दाखवणे नव्हे, तर दोन पक्ष्यांमधला फरक दाखवणे. आजही बाजारातील निम्मी पुस्तके या पहिल्याच अटीत नापास होतात.

परीक्षेचे मैदान

परीक्षा घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्यासारखे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरसारखे, मैदान क्वचित मिळेल. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर आणि १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. तेथे घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला व दक्षिणेला कर्जत, जामखेड, श्रीगोंदे या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या कडेला गोदावरीवरील जायकवाडीचा जलाशय पसरला आहे. तोही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. एकाच जिल्ह्यात घाटातले जंगल, कोरडे माळरान आणि मोठे पाणी असल्यामुळे पुस्तकातले दोष येथे लपत नाहीत.

या मैदानाचा पक्षिशास्त्राशी संबंध जुना आहे. ब्रिटिश अधिकारी साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हा त्यांच्या पाहणीचा मुलूख होता. आपल्या ओढ्यावरची ढोकरी, माळावरचा मोठा राखी सातभाई, हिवाळ्यात येणारा एक लहानसा वटवट्या, तुरा असलेला एक चंडोल, अशा कितीतरी पक्ष्यांची शास्त्रीय वर्णने त्या यादीत प्रथम आली. वटवट्याच्या जातीला त्यांनी 'रामा' असे नाव दिले आणि चंडोलाच्या जातीला 'देवा'.

पहिली कसोटी : चित्र

हा 'देवा' चंडोलच आपली पहिली कसोटी. जिल्ह्यात तुरेवाले चंडोल दोन प्रकारचे भेटू शकतात. कोरड्या माळावर साइक्सचा चंडोल असतो. तो लहान, तांबूस, आणि छातीवर रेघा अगदी कमी व बारीक. घाटाकडच्या ओल्या भागात मलबार चंडोल असतो. त्याची चोच लांब, छातीवर ठसठशीत काळ्या रेघा आणि पोट फिकट. म्हणजे फरक आहे तो रंगाच्या छटेत आणि रेघांच्या जाडीत.

आता पुस्तक उघडा. त्यात छायाचित्रे असतील तर पुष्कळदा असे आढळते की एक पक्षी सकाळच्या कोवळ्या उन्हात टिपला आहे आणि दुसरा भर दुपारी. एक समोरून, दुसरा पाठीमागून. सकाळच्या उन्हात कोणताही चंडोल तांबूस दिसतो. छायाचित्र हे एका पक्ष्याचे, एका क्षणाचे असते. त्या जातीचे नसते. चांगला चित्रकार मात्र अनेक नमुने पाहून जातीचे सर्वसाधारण रूप काढतो आणि दोन्ही पक्ष्यांवर सारखाच उजेड पाडतो. छायाचित्रे दिसायला आकर्षक असली तरी ओळखण्यासाठी रंगचित्रे सरस ठरतात, याचे कारण हे आहे. ज्या पुस्तकात एकेका जातीची चार-सहा छायाचित्रे असतात, तेथे ही उणीव काही प्रमाणात भरून निघते.

चित्रांचेही तीन दोष तपासावेत. पहिला छपाईचा. स्वस्त आवृत्तीत तपकिरी रंग लालसर छापला गेला की चंडोलांची पाने निरुपयोगी होतात. दुकानात पुस्तक पाहताना मोर किंवा खंड्या पाहू नये. ते सगळीकडे बरे छापलेले असतात. चंडोल आणि वटवटे पाहावेत. दुसरा दोष मादीच्या चित्राचा. डोंबारी चंडोलाचा नर पोटाखाली काळा असल्याने शाळकरी मुलगाही ओळखतो, पण मादी चिमणीसारखी साधी तपकिरी असते. तिचे चित्र नसेल तर त्या जातीचे निम्मे पक्षी पुस्तकाबाहेर राहतात. हिवाळ्यात माळावर येणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांत तर नरांपेक्षा माद्या आणि वर्षाच्या आतली पिल्लेच अधिक दिसतात. त्यांचे चित्र उडताना, खालून आणि वरून, असे दोन्ही हवे. तिसरा दोष ऋतूचा. जायकवाडीवरचे पाणथळ पक्षी येथे असतात तेव्हा ते बहुधा साध्या हिवाळी पिसाऱ्यात असतात. पुस्तकात फक्त विणीच्या हंगामातला झगझगीत पिसारा असेल तर तो चिखलावर शोधून सापडणार नाही.

दुसरी कसोटी : नकाशा

भारतीय उपखंडावरील पुस्तकात प्रत्येक जातीसाठी एक छोटा नकाशा असतो. तो सुमारे ३ सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. भारताची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २,९३३ किलोमीटर; म्हणजे नकाशातला १ मिलिमीटर जवळपास १०० किलोमीटर झाला. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ चौरसात बसवले तर बाजू सुमारे १३० किलोमीटर येते, नकाशावर १.३ मिलिमीटर. राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो! त्या ठिपक्यात कळसूबाई आणि कर्जत दोन्ही आले. तेव्हा नकाशात रंग आहे म्हणून पक्षी तुमच्या गावी असेलच असे नाही, आणि रंग नाही म्हणून नसेलच असेही नाही. नकाशाला अधिवासाची जोड हवी. 'कोरडी, दगडाळ माळराने' किंवा 'सदाहरित जंगलातले ओढे' हे तीन शब्द तेथे नकाशापेक्षा जास्त काम करतात. हे शब्द ज्या पुस्तकाने गाळले, ते घेऊ नये.

नकाशा चुकीच्या नोंदीवर आधारलेला असेल तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. रानपिंगळा या घुबडाचे खरे नमुने १८८४ नंतर कोणालाही मिळाले नव्हते. मात्र १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे तो मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात होता. पामेला रासमुसेन या संशोधिकेने तपासून दाखवले की तो नमुना जुन्याच संग्रहातला चोरलेला होता. त्याला नव्याने रूप देऊन खोटी चिठ्ठी लावली होती. खोटे स्थळ वगळून त्या आपल्या सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी सापडला तो नोंदींची छाननी केल्यामुळे. नकाशातला प्रत्येक ठिपका कोणाच्या तरी साक्षीवर उभा असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

तिसरी कसोटी : जातींची संख्या

"ज्यात जास्त पक्षी ते पुस्तक चांगले" असा एक समज आहे. तो थोडे गणित करून तपासू. समजा, एका माळावर 'क' हा नेहमीचा पक्षी आणि त्याच्यासारखाच दिसणारा 'ख' हा दुर्मिळ पक्षी आहे. १,००० वेळा पक्षी दिसला. त्यांत ९८० वेळा 'क' होता आणि २० वेळा 'ख'. विद्यार्थी हुशार आहे, दहातले नऊ वेळा बरोबर ओळखतो. तर ९८० पैकी ९८ 'क' तो चुकून 'ख' म्हणून लिहील आणि २० पैकी १८ 'ख' बरोबर लिहील. वहीत 'ख'च्या नोंदी झाल्या ११६. त्यांतल्या खऱ्या फक्त १८, म्हणजे शेकडा १५ ते १६. दहातले नऊ बरोबर असूनही दुर्मिळ पक्ष्याच्या सहा नोंदींपैकी पाच खोट्या!

उपखंडावरील पुस्तकात तेराशे-चौदाशे जाती असतात. त्यांतल्या पुष्कळ हिमालयातल्या आणि ईशान्येकडच्या. नगरच्या माळावर त्या 'ख'पेक्षाही दुर्मिळ, बहुधा अशक्य. नवशिक्याच्या हाती असे पुस्तक दिले की तो पाने चाळतो आणि सर्वांत जुळणारे चित्र निवडतो. ते चित्र आसामातल्या पक्ष्याचे निघते. यावर उपाय पुस्तक फेकून देणे हा नाही. सहलीपूर्वी आपल्या भागात नेहमी दिसणाऱ्या जातींवर पेन्सिलीने खुणा करून घेणे हा आहे. दुर्मिळ पक्ष्यासाठी नेहमीच्या पक्ष्याहून अधिक पुरावा मागायचा, हा नियम मुलांना येथेच शिकवता येतो. पुढे रोगनिदानापासून बातमीच्या खरेखोटेपणापर्यंत तो सगळीकडे उपयोगी पडतो.

हे केवळ वहीपुरते नाही. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे ते बरेच कमी करण्यात आले, आणि माळढोकही महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला. अशा वेळी "माळढोक दिसला" ही एक नोंद किती मोलाची, आणि गवतात दूर चालणाऱ्या लांडोरीवरून केलेली तीच नोंद किती घातक, याचा विचार करावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे. माळरानासारख्या मोकळ्या जागी राहणारे पक्षी घटत असल्याचे त्यातून दिसून आले. शाळेच्या सहलीतली वहीही आता अशा नोंदींना जोडता येते. म्हणून ती खरी असली पाहिजे.

चौथी कसोटी : नावे

आपण चक्रवाक म्हणतो तो पक्षी जुन्या इंग्रजी पुस्तकांत ब्राह्मिनी डक होता, नव्या पुस्तकांत रडी शेल्डक झाला. आपला चातक पाइड क्रेस्टेड कुक्कू होता, तो आता जेकोबिन कुक्कू आहे. इंग्रजी नावे बदलतात तर शास्त्रीय नावावर विसंबावे, असे सांगितले जाते. पण साइक्सने नाव दिलेला राखी सातभाई 'टर्डॉइडिस माल्कमी' होता, तो आता 'अर्ग्या माल्कमी' झाला आहे. येथे प्रजातीचे नाव बदलले, जातीचे राहिले. म्हणून पुस्तकात नवी व जुनी दोन्ही नावे आणि दोन्हींची सूची हवी.

मराठी नावांची अडचण निराळी आहे. एकाच पक्ष्याला अकोल्यात एक नाव, जामखेडला दुसरे. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' या कामी फार उपयोगी आहे. मात्र तो कोश आहे. माळावर उभे राहून पक्षी ओळखण्यासाठी तो लिहिलेला नाही. तो शाळेत टेबलावर असावा.

उपलब्ध पुस्तके

या कसोट्यांवर आता प्रमुख पुस्तके पाहू. सलीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काढले. २००२ च्या तेराव्या आवृत्तीत ५३८ जाती आहेत. आकारासाठी चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, कावळा, घार ही मापे वापरण्याची त्यांची पद्धत शाळेसाठी आजही सर्वोत्तम आहे. मुलाला 'पंधरा सेंटिमीटर' कळत नाही. 'चिमणीपेक्षा मोठा, बुलबुलापेक्षा लहान' कळते. पक्ष्याची चाल, आवाज आणि स्वभाव यांचे वर्णन इतक्या थोड्या शब्दांत इतरत्र मिळत नाही. चित्रांत मात्र मादी, पिल्ले आणि हिवाळी पिसारा यांना जागा कमी मिळाली आहे आणि अवघड गटांतल्या सर्व जाती त्यात नाहीत. चंडोलांच्या कसोटीवर ते अपुरे पडते.

ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे पुस्तक १९९८ साली आले. मूळ ग्रंथ जाडजूड. त्याच्या लहान आवृत्त्या निघाल्या. २०११ च्या सुधारित आवृत्तीत चित्रांसमोर मजकूर आणि नकाशे आहेत. चित्रे चांगली, नर-मादी व उडताना-बसलेले असे प्रकार भरपूर. स्वभाववर्णन मात्र तारेच्या भाषेत आहे. काझ्मिएर्चाक आणि चित्रकार फान पेर्लो यांचे २००० सालचे पुस्तक हलके आणि आटोपशीर. पण त्याची चित्रे लहान आहेत आणि मजकूर खुणांच्या लिपीत. सराव असलेल्याला ते पुरते, नवशिक्याला नाही.

रासमुसेन आणि अँडर्टन यांचे दोन खंड २००५ मध्ये निघाले, दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये. त्यात १,४४१ जाती आहेत, आवाजांचे आलेख आहेत आणि संशयास्पद नोंदी कठोरपणे तपासल्या आहेत. रानपिंगळ्याच्या शोधामागची शिस्त या ग्रंथात पानोपानी दिसते. पहिला खंड सहलीत नेता येतो. दुसरा घरी ठेवून वाचायचा. शाळेच्या पहिल्या खरेदीचे पुस्तक ते नव्हे. सतीश पांडे, सलील तांबे, क्लेमंट फ्रान्सिस व निरंजन संत यांचे पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवरील २००३ चे छायाचित्रांचे पुस्तक अकोल्यासाठी उपयोगी आहे. कर्जतचा माळ त्याच्या हद्दीबाहेर पडतो.

माझ्या मते शाळेने सलीम अली आणि ग्रिमेट-इन्स्किप यांची लहान आवृत्ती अशी जोडी घ्यावी. पहिले पुस्तक आदल्या दिवशी वर्गात वाचावे, दुसरे माळावर न्यावे. एकच घेणे शक्य असेल तर सातवीपर्यंत पहिले, त्यापुढे दुसरे.

परदेशी जाताना

आता परदेशच्या प्रवाशाकडे वळू. कसोट्या त्याच, फक्त आपली आधीची ओळख तेथे कधी मदत करते, कधी फसवते. इंग्लंडमधला रॉबिन, अमेरिकेतला रॉबिन आणि आपला चिरक, ज्याला इंग्रजीत इंडियन रॉबिन म्हणतात, हे तीन निरनिराळे पक्षी आहेत. अमेरिकेतला तर कस्तुराच्या कुळातला, मैनेपेक्षा थोडा मोठा. वसाहतवाल्यांनी घरची नावे परक्या पक्ष्यांना चिकटवली, त्याचा हा परिणाम.

एकोणिसाव्या शतकात मराठी माणसे मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज तेथे आहेत. तेथे उतरलेल्या नगरकराला पहिल्याच सकाळी साळुंकी आणि शिपाई बुलबुल दिसतील. तेही माणसांनी नेलेलेच. तेथला खरा स्थानिक ससाण्यासारखा लहान शिकारी पक्षी, मॉरिशस केस्ट्रल, १९७४ साली जंगलात फक्त चार उरल्याची नोंद होती. प्रयत्नपूर्वक तो वाचवला गेला. म्हणून पुस्तकात कोणता पक्षी मूळचा आणि कोणता आणलेला हे स्पष्ट हवे. सिंक्लेअर आणि लाँग्राँ यांचे हिंदी महासागरातील बेटांवरचे १९९८ चे पुस्तक मादागास्करसह सगळी बेटे घेते. तेथेही जाण्यापूर्वी मॉरिशसच्या जातींवर पेन्सिलीच्या खुणा कराव्यातच. युरोपसाठी कॉलिन्सची मार्गदर्शिका आणि अमेरिकेसाठी सिबलीची, ही दोन्ही रंगचित्रांची पुस्तके आपल्या पहिल्या कसोटीवर उत्तम उतरतात. सिबली पूर्व आणि पश्चिम अमेरिकेसाठी वेगवेगळ्या लहान आवृत्त्यांतही मिळते. ज्या भागात जायचे त्याचीच घ्यावी.

मोबाइलवर छायाचित्र किंवा आवाज देऊन पक्ष्याचे नाव सांगणारी साधने आता आली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाचे मर्लिन त्यांपैकी एक. स्थळ आणि तारीख विचारात घेऊन ते शक्य जाती सुचवते, म्हणजे वरचे 'क' आणि 'ख'चे गणित ते आपोआप करते. त्याचा जरूर उपयोग करावा. पण ते उत्तर देते. उत्तर का बरोबर, हे विद्यार्थ्याला स्वतः सांगता आले पाहिजे. त्यासाठी दोन चित्रे शेजारी ठेवून फरक शोधावा लागतो. ते काम पुस्तकाचे.

शेवटी एक उणीव सांगितली पाहिजे. वरीलपैकी एकही पुस्तक नगरच्या माळासाठी, नगरच्या मुलांसाठी, मराठीत लिहिलेले नाही. ते कोणी लिहीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतले पक्षी, त्यांची गावात चालणारी नावे, महिना, जागा आणि ओळख पटण्याचे कारण, असे पाच रकाने आखून वही सुरू करावी. तीन वर्षांत ती वही कोणत्याही नकाशातल्या त्या १.३ मिलिमीटरपेक्षा अधिक सांगू लागेल, आणि मोठ्या पुस्तकात खुणा कोठे करायच्या हेही तीच सांगेल.